पोटातले पाय

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा दिवस थंडीचे होते, आता उन्हाने अंग पोळत होतं, आणि मधल्या काळात त्याने मनातल्या मनात त्याला इतकी उत्तरं लिहिली होती की कागदावर उतरवली असती तर तळटीपांसकट एक जाडजूड ग्रंथ झाला असता. पत्र तसं लहानच होतं. 'गोगलगाये' असा मायना, आणि खाली नगाऱ्याचं, बोर्डिंगातल्या त्याच्या जुन्या खोलीसोबत्याचं, ते फराटेदार अक्षर : 'डॉक्टर माझ्या पोटात शिरायचं म्हणताहेत. आत काय सापडेल ते त्यांनाही ठाऊक नाही. त्याआधी तुझ्या हातच्या चार ओळी याव्यात अशी फार इच्छा आहे. सिनेमा आल्यापासून तू माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीस. शिव्या घाल लेका, पण लिही.' एवढंच. जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढल्यामुळे त्याने ते पत्रदेखील हातात पेन्सिल धरूनच वाचलं, एकदोन अक्षरांभोवती बारीक गोल केले, आणि ते शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर न देणं हेच उत्तर, असं त्याने ठरवलं. एक आजारी माणूस खिडकीशी बसून टपालाची वाट बघतो आहे आणि टपाल येत नाही, या चित्राने त्याला बरं वाटायचं. मग बरं वाटल्याची लाज वाटायची. मग लाज वाटल्याचा राग यायचा, आणि तो रागही फिरून नगाऱ्यावरच निघायचा. इतका पिळदार राग आपल्यासारख्या मऊ माणसाला कसा झेपतो, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटे. कधी वाटे, हा राग नसेलच. नुसता आळस असेल, आणि आपण त्याला उगाच भारी नाव दिलं असेल.

"उत्तर दिलंत का हो नगाऱ्याला?" सकाळी हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत, टोस्टला लोणी लावता लावता बायकोने विचारलं. छत्री घेतलीत का, असं विचारावं तितक्या सहज.

"देईन."

"कधी? तो वर गेल्यावर?"

"तिकडेही टपाल जात असेल."

"तुमचे विनोद म्हणजे उकडलेले बटाटे. आणि त्यात मीठ विसरलेले." ती हसली, बोटं पुसली आणि पर्समधून एक घडीचं पत्रक काढून तिने त्याच्या बशीशेजारी ठेवलं. "आज हे करायचं. खाली नावं देऊन आलेय मी." पत्रकावर खिळ्याला टांगलेला एक कोट होता, आणि कोटासमोर किंचित वाकून उभा असलेला एक पाठमोरा माणूस. खाली लिहिलं होतं, की नगाऱ्याच्या त्या गाजलेल्या सिनेमाचं चित्रीकरण जिथे जिथे झालं त्या जागा पायी हिंडून दाखवल्या जातील. त्याचा हात चहाच्या कपाच्या कानातच राहिला. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही, पण ही पाठ त्याला ओळखू आली. खांद्याचा तो अपराधी उतार, मानेमागचे ते न विंचरलेले केस. लग्नाच्या वाढदिवसाला म्हणून लेकीने त्यांना या जुन्या बंदराच्या गावी पाठवलं होतं, चार दिवस, समुद्राकडची खोली. गावात पाहण्यासारखं पुष्कळ होतं, तटबंदी, दीपगृह, गलबतांचं संग्रहालय. आणि बायकोने बरोबर हेच उचललं. का? तो विचारणार होता. पण विचारणं हे त्याने फार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. "बरं," एवढंच तो म्हणाला, आणि चहा संपवला. चहा कोमट झाला होता.

घड्याळाच्या मनोऱ्याखाली लाल छत्री घेतलेली एक चुणचुणीत मुलगी उभी होती, तीच गाइड. सहलीला फार कोणी नव्हतं : एकसारखे शर्ट घातलेलं एक नवं जोडपं, सिनेमातले सगळे संवाद तोंडपाठ असलेला एक टोपीवाला, आणि हे दोघं. मुलीची दाखवायची पद्धत मोठी मजेची होती. तिच्याकडे सिनेमातल्या प्रसंगांची चित्रं होती, जाड पुठ्ठ्यावर डकवलेली. ती एक डोळा मिटायची, चित्र हात लांब करून समोर धरायची, दोन पावलं मागे, अर्धं पाऊल डावीकडे, आणि मग चित्रातली कमान खऱ्या कमानीवर नेमकी बसायची. "आता बघा," ती म्हणायची, आणि एकेकाने एकेक डोळा मिटून बघायचं. त्याला ते काम ओळखीचं वाटलं. मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी ठेवून ओळीवर ओळ जुळवणं, यापेक्षा वेगळं त्याने जन्मभर काय केलं होतं? फक्त इथे मूळ प्रत कुठली आणि प्रूफ कुठलं, ते त्याला ठरवता येईना. या गावात मुळात काही घडलंच नव्हतं. घडलं होतं ते दुसऱ्या, समुद्र नसलेल्या शहरात, एका बोर्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. नगाऱ्याने ते उचललं आणि इथे आणून टांगलं, कारण इथले जिने जास्त देखणे होते.

"इथं नायक आपल्या त्या बावळट मित्राला, गोगलगायीला, भर चौकात उचलून घड्याळाची वेळ विचारतो," मुलगी सांगत होती. "आणि गोगलगाय काय म्हणते?"

"'माझं घड्याळ मागे आहे, तुमची हरकत नसेल तर तुम्हीच सांगा!'" टोपीवाल्याने सणसणीत फेकलं. नवं जोडपं खिदळलं. बायकोही हसली. तो मनोऱ्याकडे बघत राहिला आणि आत, त्या न लिहिलेल्या पत्रात, पहिली ओळ मांडू लागला. 'प्रिय नगारा.' प्रिय काढला. 'नगारा, आज तुझ्या सिनेमाच्या जागा पाहिल्या. घड्याळ अजून चालतं, तुझा विनोद मात्र बंद पडला आहे.' बरं होतं वाक्य. पण खोटं होतं, आत्ताच तीन माणसं हसली होती. त्याने ते खोडलं. त्याचा हात असाच होता. लोकांच्या वाक्यांतलं जास्तीचं काढता काढता स्वतःचं प्रत्येक वाक्य जास्तीचं वाटायची खोड त्याला लागली होती. छापखान्यात पहिल्याच दिवशी हेडमुद्रितशोधकाने त्याला बजावलं होतं, "प्रूफ वाचताना गोष्ट वाचायची नाही. अक्षर बघायचं. गोष्टीत गुंतलास की चूक निसटली म्हणून समज." तो कधी गुंतला नाही. मोठमोठ्या कादंबऱ्या त्याच्या डोळ्यांखालून गेल्या, आणि त्यात कोण कुणावर प्रेम करत होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

गल्ल्या अरुंद होत्या, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाट जात होती. दगडांतून दमट थंडावा येत होता, वर बाल्कन्यांत कुणी रेडिओ लावला होता. बायको पुढे चालत होती, त्या नव्या नवरीशी गप्पा मारत, जिन्यांवर न थांबता. तिचे गुडघे घरी दुखतात, इथे दुखत नव्हते. तिच्या पाठीकडे बघत तो चालला आणि बोर्डिंगची ती खोली त्याच्याबरोबर चालली. दोन खाटा, एक खिडकी, आणि भिंतीत एक मोठा खिळा. खिळ्याला कोट. कोट दोघांत मिळून एकच होता; मुलाखतीला, लग्नाला, फोटोला जाईल त्याने तो घालायचा. नगाऱ्याला तो खांद्यात आवळायचा आणि त्याला बाह्यांत लांब व्हायचा, म्हणजे खरं तर तो दोघांचाही नव्हता. नगारा नाटकांतून धडपडायचा, रात्र रात्र बाहेर, आणि आला की सगळ्या मजल्याला कळायचं. म्हणून तर नाव नगारा. आणि ती, आताची बायको, छापखान्यात टंकलेखिका होती, काचेच्या पलीकडे बसायची, टाइप करताना ओठ हलवायची. तिला विचारायचं त्याने ठरवलं तेव्हा विचारायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी, नगारा बाहेर असताना, त्याने कोटाचं वरचं बटण लावलं, बाह्या नीट केल्या, आणि कोटासमोर उभा राहिला. "बसा ना," तो कोटाला म्हणाला. मग व्यत्यय आणल्याबद्दल कोटाची क्षमा मागितली. मग म्हणाला, "माझ्याकडे बोलण्यासारखं फार काही नाही. पण तुम्ही बोलायचं ठरवलंत, तर ऐकायला मी जन्मभर बसेन." दुसऱ्या दिवशी, काचेच्या अलीकडे, त्याने घसा खाकरून "तुमची हरकत नसेल तर" इतकंच म्हटलं, आणि ती म्हणाली, "नाही, काही हरकत नाही." पुढचं सगळं भाषण घशातच राहिलं. इतका घाईचा होकार त्याने कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

मग वर्षा-दोन वर्षांनी नगाऱ्याचा सिनेमा आला. दोन पास पोस्टाने आले. अंधारात तो बायकोशेजारी बसला होता आणि पडद्यावर एक बावळट माणूस एका कोटासमोर उभा राहिला. "बसा ना," पडद्यावरचा माणूस म्हणाला. थिएटर कोसळलं. पण त्याला त्या सगळ्या हसण्यातलं एकच हसू ऐकू आलं, उजव्या कानाशी. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधीच ती हसली होती. पडद्यावरची मुलगी मग दारात उभी राहून, मान मागे टाकून खदखदा हसते आणि त्या गडगडाटी नायकाबरोबर नावेत बसून निघून जाते. गोगलगाय धक्क्यावर उभी, हातात कोट. सगळी दुनिया डोळे पुसत हसत होती. तो हात मांड्यांखाली दाबून बसला होता. नगाऱ्याने ऐकलं, कधीतरी दाराआडून ऐकलं, आणि विकलं. आणि ही हसली. घरी येताना ती म्हणाली, "काय मजेदार होता नाही तो?" तो म्हणाला, "हं." त्या 'हं'पासून त्याने सुरुवात केली. पुन्हा कुणाला सांगता येईल, नक्कल करता येईल असं एकही वाक्य तिला द्यायचं नाही. नगाऱ्याला एक अक्षर नाही, आणि हिला जरुरीपुरतं. भाजी आणली. पाऊस येईल. दार लाव. लेक वाढली, तिचं लग्न झालं, केस पिकले, आणि त्याच्या तोंडातली मिठाची गुळणी तशीच राहिली. लोक म्हणत, किती शांत माणूस! तो नम्रपणे मान डोलवी.

तटाशी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खाली धक्का, हिरवं पाणी, पायऱ्यांवर शेवाळ. मुलीने पुठ्ठा धरला : नाव, नावेत नायक आणि ती. "इथून ते निघून जातात." बायको डोळा मिटून बघत राहिली. सगळ्यांचं बघून झालं तरी ती बघत होती. मग तिने पुठ्ठा खाली घेतला आणि उघड्या पाण्याकडे बघितलं, तेवढाच वेळ. काय बघतेस, असं त्याच्या जिभेवर आलं. नगारा बोर्डिंगात असताना छापखान्यात यायचा, काचेवर टिचक्या मारायचा, आणि तिचे ओठ हलायचे थांबायचे. हे त्याने तेव्हाच पाहून ठेवलं होतं. नगाऱ्याने सिनेमात शेवट बदलला तो विनोदासाठी, की त्याच्या मनात जो होता तोच मूळ शेवट होता? 'नगारा,' त्याने लिहिलं, 'तू तुझ्या नावेत जिला बसवलंस ती माझ्या घरी भांडी लावते आहे. तुला डॉक्टर मिळाले, मला ही.' ओळ विखारी होती, घासून पुसून लख्ख केलेली. तो ती पुन्हा पुन्हा वाचत गेला, आणि प्रत्येक वाचनात ती त्याला थोडी जास्त हलकट वाटली. पण या खेपेला त्याने ती खोडली नाही.

"आणि आता सगळ्यांच्या आवडीची जागा," मुलगी म्हणाली.

तो एका जुन्या घराचा जिना होता. लाकडी कठडा, माथ्यावर एक दार, दाराआत रिकामी खोली आणि भिंतीत खिळा. खिळ्याला कोट होता. खरा कोट नव्हता, कुठून तरी आणलेला, पण वरचं बटण लावलेलं होतं. "इथं आपण दर वेळी एका जोडप्याकडून तो प्रसंग करून घेतो," तिने टाळी वाजवली. "आज काका-काकू!"

"मी नको," तो म्हणाला.

"अहो काका, अगदी सोप्पंय! तुम्ही नुसतं 'बसा ना' म्हणायचं. पुढचं आम्ही म्हणू."

"काकांचे खांदे तर काय, अस्सल गोगलगाय!" टोपीवाला प्रेमाने म्हणाला.

"जा हो," बायको म्हणाली. "एवढं काय? कोट चावतो का?" आणि ती दाराबाहेर, जिन्याच्या माथ्यावर जाऊन उभीसुद्धा राहिली.

तो कोटासमोर उभा राहिला. खोलीत चुन्याचा वास होता. मागे पाच जणांचे श्वास होते. त्याला वाटलं, आता वळावं आणि ओरडून सांगावं, हा मी आहे, हे माझं आहे, तुम्ही सगळे चोरीच्या मालावर हसता आहात. पण ओरडायला जे लागतं ते त्याच्यापाशी नव्हतंच. "बसा ना," तो कोटाला म्हणाला. आवाज अगदी तसाच आला, तेव्हा आला होता तसा. मागून टोपीवाल्याने आणि नव्या नवऱ्याने एका सुरात म्हटलं, "'माझ्याकडे बोलण्यासारखं फार काही नाही!'" आणि मुलगी हसण्याची खूण करायच्या आत दारातून हसू आलं. तो वळला. बायको दाराच्या चौकटीआड अर्धी लपली होती. एक हात तोंडावर घट्ट दाबलेला, दुसरा पोटावर, कमरेत वाकलेली, खांदे गदगदताहेत, आवाज मात्र नाकातून जेमतेम सुटलेला.

"काकू, असं नाही!" मुलगी ओरडली. "सिनेमात ती मान मागे टाकून, तोंड उघडून हसते."

"काहीतरीच," बायको डोळे पुसत म्हणाली. "दाराआड उभी राहिलेली बाई तोंड उघडून हसेल होय? सापडली असती ना!"

सगळे हसले. तो हसला नाही. सगळा जन्म चुका शोधण्यात गेला होता, आणि इथे मूळ प्रत त्याच्यासमोर चौकटीला टेकून उभी होती. चूक सिनेमात होती. खरं हसणं हे होतं.

सहल संपत आल्यावर मुलीने सगळ्यांना तटावर विसाव्याला सोडलं. ती दोघं एका दगडी बाकावर बसली. समोर एक मासेमारीची होडी दोर सोडत होती. त्याने बराच वेळ शब्द जुळवले, मग सगळे टाकून दिले.

"तू होतीस तिथं."

"कुठं?"

"आमच्या बोर्डिंगच्या जिन्यावर. दाराशी."

ती पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती. "मग? तुमचा चष्मा नव्हते का द्यायला आले? छापखान्यात विसरून गेला होतात. म्हटलं, आंधळा माणूस, वाचणार कसा. वर आले तर आत हे चाललेलं. 'बसा ना.'" ती पुन्हा हसली. "चष्मा तसाच घेऊन खाली उतरले, आणि सकाळी तुमच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, सिनेमा पाहून तरी तुम्हाला कळलं असेल. लाजून बोलत नाही."

"आणि नगारा?"

"तो जिन्यात भेटला. काय झालं, विचारलंन, आणि मला राहवेना हो. दोघं पायरीवर बसून हसलो, पोट धरधरून. मग मी त्याला शपथ घातली, गोगलगायीला एक अक्षर कळता कामा नये. पाळली त्याने. आता तोंडावर बोलू नको म्हटलं होतं. पडद्यावर दाखवू नको हे सुचायला मला काय स्वप्न पडलं होतं?" तिने घोट घेतला, आणि बाटली ओठांशीच थांबवली. "म्हणजे तुम्ही त्याला लिहीत नाही ते या कोटापायी? एवढी वर्षं? अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी!"

तो होडीकडे बघत होता. "म्हणून तू लगेच हो म्हणालीस."

"मग काय, तेच सगळं पुन्हा ऐकत बसू? आणि कोटाला सांगितलंत तितकं छान मला थोडंच सांगता आलं असतं तुम्हाला?" ती हे हलक्या आवाजात बोलली. त्याच्या छातीत कुठेतरी एक गाठ सुटल्यासारखी झाली. म्हणजे त्या हसण्याच्या पोटात होकार होता. म्हणजे हात लांब करून तो घेता आला असता, केव्हाही. पण गाठ सुटताच त्याला भीती वाटली, की आता आपण सांडून जाऊ. त्या रागावर तर तो उभा होता. पाठीचा कणा म्हणून जे होतं ते हेच होतं. ते असं बाकावर ठेवून उठून जायचं?

"सिनेमात मी हसले, ते ऐकलं होतंत तुम्ही," बायको म्हणाली. ती आता हसत नव्हती.

"हो."

"मग मला का नाही कधी काही बोललात?"

ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक दिवस उलगडत मागे जाताना त्याला दिसत होता. भाजी आणली. पाऊस येईल. दार लाव.

"हं," ती म्हणाली. अगदी त्याच्यासारखं. "म्हणजे ती शिक्षा होती. मला वाटायचं, स्वभाव."

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती उठली. मुलीने सगळ्यांना एका दुकानाशी नेऊन सोडलं, निरोप घेतला, टोपीवाल्याने त्याचा हात धरून हलवला आणि "काका, तुम्ही कमाल केलीत" म्हणाला. दुकानात त्या सिनेमाची चित्र-कार्डं टांगलेली होती. त्याने कोटाचं एक घेतलं. दुकानाबाहेर भिंतीत टपालाची पेटी होती. फळीवर कार्ड ठेवून त्याने नगाऱ्याचा पत्ता लिहिला; तो त्याला पाठ होता. आता काय लिहायचं? सगळी वाक्यं त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, घड्याळाचं, नावेचं, भांड्यांचं, वर्षानुवर्षं धार लावलेली. आणि ती सगळी निकामी झाली होती, कारण ज्याच्यावर ती चालवायची त्याने दाराआडून काही ऐकलंच नव्हतं. त्याने फक्त एका मुलीची शपथ पाळली होती. ती शपथ अजून पाळतच होता. शिव्या घाल म्हणत होता, पण मी नव्हे असं काही म्हणत नव्हता. आणि तिथे, फळीवर वाकलेला असताना, त्याला ते वाक्य सापडलं. इतकं बारीक, की त्यातलं काही काढण्यासारखं नव्हतं. त्याने लिहिलं : 'नगारा, मी तुला माफ केलं.'

नगारा हे वाचेल. ज्या गोष्टीत त्याचा दोष अर्धासुद्धा नाही तिची माफी हातात घेऊन तो पडून राहील, आणि त्याला उलट बोलता येणार नाही, कारण बोलला तर हिचं नाव घ्यावं लागेल. आणि हिला ठाऊक असेल, की तो हिच्या वाटणीची माफी अंगावर घेऊन पडला आहे. एक ओळ आणि दोघं. इतकं चांगलं त्याने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

बायकोने कार्ड ओढून घेतलं आणि वाचलं. तिला समजायला वेळ लागला नाही; ती कधीच अक्षरं बघून वाचत नसे.

"अहो, तो मरायला टेकलाय."

"म्हणूनच."

"आणि हे खरं नाहीये."

"तो सांगणार आहे तसं? शपथ आहे त्याला."

तिने मान वर केली. एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली, पण त्या बघण्यात घृणा नव्हती, हे त्याने नीट पाहिलं. उलट कसलीशी दाद होती. "गोगलगाय नि पोटात पाय," ती पुटपुटली. "इतकी वर्षं एका अंथरुणात, आणि मला दिसले नाहीत." मग तिने हात पुढे केला. "पेन द्या."

ती कार्ड फाडेल असं त्याला वाटलं. किंवा सगळं लिहून टाकेल, जिना, चष्मा, पायरी. त्याने पेन दिलं. ती फळीवर वाकली, ओठ हलले, आणि त्याच्या ओळीखाली तिने एकच शब्द लिहिला, मोठ्या, मोकळ्या अक्षरात. 'मीही.'

त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. अक्षरात चूक नव्हती. अक्षर सोडून आता बघायचं कुठे, ते त्याला कळेना. 'मीही माफ केलं.' नगाऱ्याने हिचं काय केलं होतं? हिचं हसू जगाला दाखवलं ते? की पडद्यावरच्या मुलीला नावेत बसवलं, आणि काचेवर नुसत्या टिचक्याच मारत राहिला ते? का काहीच नव्हतं, आणि हा शब्द नगाऱ्यासाठी नव्हताच? खूप वर्षांनी त्याने तिला काहीतरी विचारलं.

"तू? तू कशाबद्दल?"

ती कार्ड घेऊन पेटीपाशी पोचली होती. तिने ते खाचेत अर्धं घातलं, आणि बोटं न सोडता त्याच्याकडे वळून पाहिलं.

"आता ते त्याला विचारा," ती म्हणाली. "पत्र लिहून."

आणि तिने बोटं सोडली. पेटी बहुधा रिकामीच असावी. कार्ड तळाला टेकलं तो आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला.